पंचनाम्यात न मावणारं नुकसान

उंबरठा (धागाकर्ता)

"निसर्ग भेदभाव करत नाही, पुरात राजा आणि रंक सारखेच." प्रत्येक आपत्तीनंतर हे वाक्य कुणीतरी पाठवतंच. परवा पुन्हा आलं, खाली हात जोडलेले. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

घर कुठे आहे, कशाचं आहे, इशारा मिळाला तरी निघता येतं का, यावर भरपूर बोलून झालंय. नाल्याचा काठ आणि डोंगराचा उतार स्वस्त असतो आणि स्वस्त असतो म्हणूनच तिथे गरीब राहतो, हे सांगायला धागा नको. मला बोलायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं. पंचनाम्यापासून पुढचं.

नुकसान मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? जे कागदावर आहे ते. इथेच सगळी गोम आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळाने बुडवलं. पुढे घरं उभारायला 'रोड होम' नावाची सरकारी योजना आली. अनुदानाचं सूत्र असं: वादळाआधीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जी रक्कम कमी ती धरायची. ऐकायला अगदी रास्त. आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. खोल्या तेवढ्याच, पाणी तेवढंच चढलेलं, सुतार-गवंडी दोन्हीकडे सारखेच पैसे मागणार. एक घर गोऱ्यांच्या वस्तीत, दुसरं कृष्णवर्णीयांच्या. दुसऱ्या वस्तीत घरांचे भाव पिढ्यानपिढ्या पडलेले, म्हणून त्या घराला अनुदान कमी. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. सूत्र लिहिणाऱ्याच्या मनात कुणाबद्दल आकस असायची गरजही नव्हती. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

तिथलीच दुसरी गोष्ट. पणजोबांचं घर, मृत्युपत्र नाही, वाटणीपत्र नाही, सगळे वारस पिढ्यानपिढ्या राहतायत. घर आमचंच, पण दाखवायला कागद नाही. अशा हजारो कुटुंबांची मदत अडकली. फेमा या तिथल्या केंद्रीय आपत्ती संस्थेने मालकीच्या पुराव्याचा नियम सैल केला तो थेट २०२१ मध्ये. सोळा वर्षांनी!

आपल्याला हे ऐकून आश्चर्य वाटायला नको. सातबारा ज्याच्या नावावर, पिकाची मदत त्याच्या खात्यात. बटईने कसणाऱ्याने उसनवारी करून बियाणं-खत घातलेलं असतं, पण कागदोपत्री त्याचं शेतच नाही, मग नुकसान कुठून असणार?

जागतिक बँकेने २०१६ मध्ये अंदाज मांडला होता की नैसर्गिक आपत्तींमुळे दरवर्षी सुमारे २ कोटी ६० लाख लोक गरिबीत ढकलले जातात. पण आपत्तीनंतर बातमीत येतो तो आकडा मालमत्तेच्या नुकसानीचा. बंगला पडला तर तो आकडा फुगतो. झोपडी पडली तर जागचा हलतही नाही. त्या हिशेबाने ज्याचं सगळं गेलं त्याचं सगळ्यात कमी गेलं.

कुणी मदतकार्यात किंवा सर्वेक्षणात काम केलं असेल तर जरूर लिहा.


बोरूबहाद्दर

धागा चांगला लिहिलाय, पण प्रत्येक ठिकाणी विषमता हुडकायची ही सवय बरी नव्हे. आता कुणीतरी हैती आणि चिलीचं उदाहरण घेऊन येईलच, म्हणून मीच आधी आणतो. १२ जानेवारी २०१०, हैती, ७.० रिश्टर. २७ फेब्रुवारी २०१०, चिली, ८.८. हैतीत लाखाच्या वर माणसं गेली, चिलीत सव्वापाचशेच्या आसपास. यावर लगेच "बघा, गरिबी मारते" म्हणून टाळ्या.

पण हैतीचा भूकंप उथळ होता आणि राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर. चिलीचा केंद्रबिंदू समुद्रात. हे कुणी सांगत नाही. भूगर्भाला वर्गसंघर्ष कळत नाही हो.


त्रिज्या

बोरूबहाद्दर, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे तुमच्या निम्म्या प्रतिसादाला मनापासून +१. नुसते दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं चूकच. (बाकी ८.८ ही मोमेंट मॅग्निट्यूड आहे. रिश्टर मोजपट्टी एवढ्या मोठ्या भूकंपांना लागू पडत नाही. राहवलं नाही, माफी.)

उरलेल्या निम्म्यावर. चिलीने १९६० मध्ये ९.५ चा भूकंप सोसलाय, आजवर यंत्रांवर नोंदलेला सगळ्यात मोठा. त्यानंतर त्यांनी बांधकामाची नियमावली पुन्हा पुन्हा कडक केली. नियमावली काय, कपाटात कुणाच्याही असते. त्यांच्याकडे कायदा असा की सांगाड्यातल्या दोषाला इमारत विकणारा पहिला मालक दहा वर्षं जबाबदार. म्हणजे लोखंड कमी घालून वाचवलेला पैसा त्याच्याच अंगाशी येतो. हैतीत सक्तीने पाळली जाईल अशी राष्ट्रीय नियमावलीच नव्हती. माणसं काँक्रीटचे ठोकळे घरच्या घरी पाडत होती, सिमेंट परवडेल तेवढं. स्लॅब मात्र जड. अशा घरात स्तंभ गेला की वरचा स्लॅब सपाट खाली येतो, मधे पोकळीसुद्धा राहत नाही.

हैतीसारखा भूकंप चिलीतल्या एखाद्या शहराखाली उथळ झाला असता तर तिथेही माणसं गेली असती, सव्वापाचशेपेक्षा जास्त गेली असती. लाखावर? मला नाही वाटत.

आता धागाकर्त्यांच्या विरोधात जाणारी एक गोष्ट. गरीब नेहमीच जास्त धोक्यात, हेसुद्धा सरसकट खरं नाही. किल्लारी बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, ६.२. तिथे मारलं ते मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाने. दोन-दोन फुटांच्या भिंती, आत-बाहेर नीट दगड, मधे नुसती भर, दोन्ही थर बांधून ठेवणारा आडवा दगडच नाही. हादरा बसला की भिंत पोटातून फुगते, उलते आणि डोक्यावरची मातीची रास खाली येते. ऐपत असलेल्याचं घर असं होतं. ज्याला दगडही परवडत नव्हता त्याच्या कुडाच्या, गवताच्या झोपडीने बऱ्याच ठिकाणी तग धरला. पडली तरी अंगावर पडलेली झोपडी झटकून माणूस उठतो.


नुसताच वाचक

वाचतोय. त्रिज्या, गिलाव्यावर वेगळा धागा काढाच.


अनवट

त्रिज्यांनी किल्लारी काढलीच आहे तर पुढचा भाग मी सांगतो. झोपडी वाचली खरी. नवीन घरं वाटताना काय झालं ते बघा.

पुनर्वसनात ज्या गावांचं पूर्ण स्थलांतर झालं (अशी ५२ गावं होती) तिथे घराचं क्षेत्रफळ जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेले, त्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. सातच्या वर ७५०. तर्क समजू शकतो: मोठ्या शेतकऱ्याचं मूळ घर मोठं, अवजारं, जनावरं, धान्य ठेवायला जागा हवी. पण तीन आकड्यांकडे जरा शांतपणे बघा. जमीन भूकंपात गेली नव्हती. सात हेक्टरवाल्याची सात हेक्टर जागेवरच होती. घर नव्याने बांधायचं होतं, पैसा सार्वजनिक होता, पाटी कोरी होती. त्या कोऱ्या पाटीवर आपण जुन्या गावाची उतरंड फूटपट्टीने मोजून पुन्हा काढली.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असंच काहीसं. बोट ही दिसणारी वस्तू. फुटलेली बोट मोजता येते, नवीन देता येते, दिल्यावर फोटोही छान येतो. बोटी आल्याही भरपूर, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त. पण दुसऱ्याच्या बोटीवर राबणारा, मासळी डोक्यावरून विकणारी, खारं पाणी शिरलेल्या शेतात मजुरीला जाणारे दलित, खाडीत हाताने कोळंबी पकडणारी इरुळ आदिवासी कुटुंबं, यांच्याकडे फुटायला बोटच नव्हती. मदतछावण्यांत दलितांना वेगळं काढल्याचं, पाण्यापासूनही अडवल्याचं त्या वेळच्या मानवाधिकार अहवालांत आहे.


बोरूबहाद्दर

आली का जात! वाटच बघत होतो.


अनवट

मी आणलेली नाही. छावणीत आधीच येऊन बसली होती.


सायली_म

धागाकर्त्यांनी विचारलंय म्हणून लिहिते. जागा सांगत नाही, कारण कुठल्या एका कार्यालयाला बोल लावायचा नाहीये.

एका पुरानंतर शाळेत छावणी होती, तिथे नोंदणीच्या टेबलावर मी तीन दिवस बसले होते. समोर छापील तक्ता. घर स्वतःचं की भाड्याचं, पक्कं की कच्चं, जनावरं किती, शेती किती, वस्तू कोणत्या. शेवटी 'इतर' म्हणून दोन बोटं रुंदीचा रकाना.

एक बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्या आत तिसरी, गाठी सोडता सोडता त्यांची बोटं थरथरत होती. आत रेशन कार्ड, फुगून भाकरीसारखं झालेलं, शाई पसरलेली. घर भाड्याचं. भाडेकरार? नाही. जनावरं? नाही. शेती? नाही. वस्तू? दोन पातेली, अंथरूण, एक पंखा. मी लिहीत गेले आणि तक्ता जवळजवळ कोरा राहिला.

मग त्याच म्हणाल्या, "माझी चार कामं गेली ते कुठं लिवायचं?" ज्या चार घरी त्या धुणंभांडी करायच्या त्या घरांतही पाणी शिरलं होतं. दोन कुटुंबं नातेवाइकांकडे दुसऱ्या शहरात गेली, एकांनी सांगितलं आता महिनाभर येऊ नका, एकांचा फोनच लागत नव्हता. म्हणजे त्यांचं खरं नुकसान त्यांच्या घरात झालंच नव्हतं, ते दुसऱ्यांच्या घरांत झालं होतं. मी 'इतर' मध्ये बारीक अक्षरात लिहिलं: घरकामाच्या चार नोकऱ्या.

नंतर संगणकात माहिती भरताना कळलं, 'इतर' साठी तिथे जागाच ठेवली नव्हती.


नुसताच वाचक

सायलीताई, _/\_


शेवंता

पूर्ण धाग्यात अजून कुणी बायकांचा वेगळा उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. (सायलीच्या प्रतिसादातल्या बाई वगळता.)

बांगलादेश, २९ एप्रिल १९९१ चं चक्रीवादळ. सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात दर हजारी १५ पुरुष गेले आणि ७१ बायका. पाणी तेच, वारा तोच, वय तेच. बऱ्याच जणी घरधन्याची वाट बघत मुलांना घेऊन घरातच थांबल्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत रात्र काढायची, आडोसा नाही, संडास नाही. निघाल्याच तर अंगात साडी, कडेवर एक, हाताला एक. पोहायला कुणी शिकवलेलं नाही, झाडावर चढायला तर नाहीच.

२००४ ची त्सुनामी रविवारी सकाळी आली. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या आकडेवारीनुसार ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष गेले. समुद्रात खोलवर असलेल्या नावेला त्सुनामी नुसती उचलून खाली ठेवते, कळतही नाही. किनाऱ्यावर नाव परतायची वाट बघत उभी असलेली बाई मात्र तिच्या पूर्ण ताकदीसमोर असते. श्रमाची वाटणी, दुसरं काही नाही.

एका अभ्यासात १४१ देशांची १९८१ ते २००२ मधली माहिती तपासली होती. आपत्तीत बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, पण जिथे बायकांची सामाजिक-आर्थिक स्थिती बरी तिथे ही तफावत कमी होत जाते. निसर्ग भेदभाव करत असता तर सगळीकडे सारखाच केला असता.


बोरूबहाद्दर

शेवंताताई, आकडे विचार करायला लावणारे आहेत, मान्य. पण तुम्ही बांगलादेश काढलात आणि माझंच काम सोपं केलंत. १९७० च्या भोला वादळात किमान तीन लाख गेले. १९९१ मध्ये १ लाख ३८ हजार. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन ते चार हजार. २०२० च्या अम्फानमध्ये बांगलादेशात काही डझन. या काळात तो देश काही श्रीमंत झाला नव्हता, विषमता तर नाहीशी झाली नव्हतीच. तिकडे ओडिशा: १९९९ मध्ये दहा हजारांच्या घरात, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत. म्हणजे इशारा, निवारा, स्वयंसेवक आणि वेळेवर माणसं हलवणं, एवढं पुरतं. समाजक्रांती होईपर्यंत थांबायची गरज नाही.


उंबरठा

बोरूबहाद्दर, हा आतापर्यंतचा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. मी उडवून लावणार नाही. १९७२ पासून बांगलादेशात चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम चालू आहे, गावोगावचे स्वयंसेवक सायकलवरून, भोंग्यावरून सांगत फिरतात. जीव वाचवणं गरीब देशालाही जमतं. अगदी मान्य.

पण ते जमलं कसं तेही बघा. लोक निवाऱ्यात का येत नाहीत, हे विचारल्यावर उत्तर आलं, गाय सोडून कशी येऊ? कुटुंबाची एकमेव ठेव दारात बांधलेली. ती बुडाली तर वाचून करायचं काय? म्हणून जनावरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधले. त्याला ते 'किल्ला' म्हणतात. (अवांतर: आपल्याला किल्ला म्हटलं की तट-बुरूज दिसतात. यात फक्त गाई-म्हशी.) पुढे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या, वेगळे संडास आले. थोडक्यात, ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याची अडचण आधी धरली, तेव्हा निवारा भरला. हे माझ्या मुद्द्याच्या विरोधात जातं असं मला वाटत नाही.

आणि जीव वाचल्यावर काय? मे २००९ चं बांगलादेशातलं आयला वादळ. मृत्यू तुलनेने कमी, पण दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरचे मातीचे बंधारे फुटले आणि खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच. कित्येक कुटुंबं वर्ष-दोन वर्षं फुटक्या बंधाऱ्याच्या माथ्यावर, दोन्ही बाजूला पाणी, मधे पालं टाकून राहिली. बंधारे कमजोर का झाले याची कारणं अनेक, देखभाल नाही हे एक. पण दुसरं असं की कोळंबीची शेती करणाऱ्या बड्या लोकांनी खारं पाणी आत घ्यायला बंधाऱ्यात भोकं पाडून पाइप घातले होते. भातशेती करणाऱ्याला ते नको होतं, पण त्याचं ऐकतो कोण! वादळाचा जोर निसर्गाचा, ते भोक कुणाचं?


त्रिज्या

मातीच्या बंधाऱ्यात पाइप म्हणजे इंजिनिअरच्या पोटात गोळाच. पाइपच्या बाहेरच्या अंगाने पाणी वाट काढतं, माती कणाकणाने वाहून जाते आणि वरून बंधारा ठणठणीत दिसत राहतो. फुटतो तेव्हा एकदम फुटतो.


जुनाखोड

थोडा उशिरा आलो. सगळ्यांचं वाचलं, बहुतेकांशी सहमत. पण इथे पाणी आणि भूकंप चाललंय, उष्णतेकडे कुणाचंच लक्ष नाही. उन्हाच्या लाटेत काही पडत नाही, काही वाहून जात नाही, पंचनामा करायला ढिगारा नसतो. माणूस बंद खोलीत मरतो आणि चार दिवसांनी वासावरून कळतं.

जुलै १९९५, शिकागो. पारा ४१ अंशांपर्यंत गेला. नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने दोन शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं, हवा तर एकच. पहिलीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४. फरक रस्त्याचा होता. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं, वर्दळ, फुटपाथवर माणसं. म्हातारा पाय मोकळे करायला खाली उतरायचा, थंड दुकानात टेकायचा, दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी दार वाजवायचं. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने गेले, मागोमाग दुकानं गेली, तरुण गेले. उरली ओस घरं आणि गुन्हेगारीची भीती. म्हातारी माणसं खिडकी घट्ट लावून, दाराला आतून कुलूप घालून बसली. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचताना जरा कसंतरीच होतं.

आणि तुमच्या मूळ मुद्द्याला धरून: आकडा बाहेर आला तेव्हा खुद्द महापौरांनीच शवचिकित्सा अधिकाऱ्यांच्या मोजणीवर शंका घेतली. कारण उघड आहे. मृत्यू उष्णतेचा म्हटला तर कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. हृदयविकाराचा म्हटला तर देवाची इच्छा.

सप्टेंबर २०१७ मध्ये प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर मारिया वादळ आलं. अधिकृत मृत्यू ६४. जवळजवळ वर्षभर हाच आकडा. ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने तो बदलून २,९७५ केला. मधली माणसं वाऱ्याने मेली नव्हती. महिनोन्महिने वीज नाही, डायलिसिस नाही, प्राणवायूचं यंत्र बंद, रस्ता बंद. त्या अभ्यासात जास्त धोका कुणाला दिसला? गरीब भागांतल्या लोकांना आणि म्हाताऱ्या पुरुषांना.


शेवंता

काका, ६४ चे २,९७५!! हे माहीत नव्हतं.

मोजणीवरून आठवलं. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या इमारती कोसळल्या. शेकडो शिवणकामगार बायका आत. किती, याचा नीट हिशेब कधी लागलाच नाही, कारण बरेच कारखाने चोरून चालायचे, कुणाचं नाव पटावर नाही. मालकांनी ढिगाऱ्यातून आधी यंत्रं आणि कापडाचे तागे बाहेर काढले, असा वाचलेल्या बायकांचा आरोप होता. यंत्राची पावती असते ना. त्या बायकांनी पुढे स्वतःची संघटना काढली आणि नाव दिलं '१९ सप्टेंबर'.


बोरूबहाद्दर

बरं. दोन पावलं मागे येतो, पूर्ण येत नाही.

कागदाचा मुद्दा पटला. पण पर्याय काय? कागद नको म्हटलंत की दुसऱ्या दिवशी रांगेत निम्मे बोगस. आणि बोगस लाभार्थी कोण असतात? ज्यांना यादी कुठे बनते ते माहीत असतं ते. म्हणजे पुन्हा तुमच्या गरिबाचाच नंबर मागे. नुसती हळहळ नको, व्यवस्था सांगा.


अनवट

रास्त प्रश्न. एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९७२-७३ चा दुष्काळ. महाराष्ट्रभर पीक गेलं, पण १९४३ च्या बंगालसारखी भूकबळींची रांग लागली नाही. १९४३ बद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलंय की अन्न अजिबात नव्हतं अशातला भाग नाही. शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्याकडे ते विकत घ्यायची ताकद उरली नव्हती. १९७२-७३ मध्ये सरकारने कामं काढली, ऐन कडाक्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं कामावर होती. खडी फोडा, मजुरी घ्या. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कामाच्या रचनेतच आहे. सातबारा दाखव, असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. भर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, एवढा पुरावा बस. बागायतदार बोगस मजूर बनून हातोडा घ्यायला येत नाही. (हजेरीपटावर खोटी नावं चढवणारे असतात, ते मान्य. पण तो चोर वेगळा, तो टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो.)


शेवंता

आणि ज्याला खडी फोडता येत नाही तो? जुनाखोड काकांच्या बंद खिडकीमागची म्हातारी? दिवस भरलेली बाई?


अनवट

त्यांच्यासाठी रोख मदत, तीही आधीच्या यादीवरून. पण यादी म्हटलं की फिरून कागद. कबूल आहे, माझ्याकडे अख्खं उत्तर नाही.


सायली_म

अख्खं माझ्याकडेही नाही, पण एक साधी गोष्ट सुचवते. गावात किंवा गल्लीत सगळ्यांसमोर यादी मोठ्याने वाचायची. कोण कुठे राहत होतं, कुणाचं काय गेलं, हे शेजाऱ्याला तोंडपाठ असतं. खोटं नाव आलं तर लोक हसतात, मी बघितलंय. अडचण अशी की अनवट म्हणतात तशी उतरंड त्या गर्दीतही असतेच. काही जण बोलत नाहीत, मागे उभे राहतात. म्हणून दोन वस्त्यांत दोनदा वाचायची.


जुनाखोड

सायली, कागदांवरून एक जुनी गोष्ट. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने आणि पाठोपाठच्या लाटांनी, आगीने उद्ध्वस्त झालं. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने त्यावर कविता केली, हे असं का व्हावं म्हणून. तत्त्वज्ञ रूसोने ऑगस्ट १७५६ मध्ये त्याला पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा की सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. आपण इथे जे बोलतोय ते अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी बोलून झालंय.

पण त्याच पत्रातली पुढची ओळ माझ्या जास्त लक्षात राहिली आहे. पहिल्या हादऱ्यानंतर माणसं पळाली असती तर वाचली असती, पण किती जण परत फिरले आणि मेले: कुणी कपडे घ्यायला, कुणी पैसे घ्यायला, कुणी कागद घ्यायला.


बोरूबहाद्दर

कागद घ्यायला? १७५५ मध्येसुद्धा?


जुनाखोड

हो. कागदच.


सायली_म

काका, हे वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

मगाशी त्या बाईंबद्दल लिहिलं, त्यातलं एक सांगायचं राहिलं होतं. तीन पिशव्यांच्या गाठी बघून मी सहज विचारलं होतं, एवढं नीट बांधायला वेळ कसा मिळाला? त्या म्हणाल्या, आधी नातीला समोरच्या गच्चीवर पोचवलं. मग गुडघ्याच्या वर पाणी होतं तरी पिशवीसाठी परत गेले. नात वरून ओरडत होती, "आजी, राहू दे गं, राहू दे." त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मग रेशन कार्ड माझ्यापुढे सरकवून विचारलं, "हे चालंल ना? नंबर दिसतोय थोडा."

शेवटचे दोन आकडे दिसत नव्हते.